दर पाळीत परिचारिका किती

एप्रिलची चोवीस. धुळ्यात सकाळी दहालाच
डांबर चप्पल धरून ठेवत होतं.
महापालिकेची जीप, मागच्या सीटवर मी,
सिव्हिलमधून निवृत्त, छत्तीस वर्षं पाळ्या केलेली.
समितीवर मी का, विचारलं तर सोनजे भाऊसाहेब म्हणाले,
"नियमात एक नर्स लागते, ताई."
मांडीवर छापील अर्ज. चौतीस रकाने.
खाटांमधलं अंतर. लाल नळकांडं भरल्याची तारीख.
दर पाळीत परिचारिका किती.

पहिलं शुश्रूषा केंद्र साक्री रोडला, टाइल्सच्या शोरूमवर.
फिनाईल इतकं ताजं की आमची पावलं उमटली.
चादरींवर दुकानातल्या घड्या तशाच,
आणि एकाही खाटेखाली चप्पल नाही.
म्हणजे इथं कोणी चालत नाही,
किंवा चालू देत नाहीत.
त्याला रकाना नव्हता.

तीन सिस्टर रांगेत. तिसरी बुटकी,
मनगटावर तव्याच्या कडेचा जुना चटका.
पाटीवर नाव : जयश्री.
मी विचारलं, सलाइन मिनिटाला किती थेंब?
दोघींनी डॉक्टरांकडे पाहिलं.
तिनं खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.
"यांना कमीच ठेवते. पाय सुजलेत."

मग जेवण. भदाणे डॉक्टरांचा आग्रह,
कळण्याची भाकरी, भरीत, वर तेलाची धार.
सोनजेंनी ठेचा दोनदा मागितला.
पांझरेच्या पुलावर ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली,
फोनवर कुणाला तरी म्हणाला, "अजून वीस मिनिटं धर."
खाली नदीत पाणी नव्हतं,
धोब्यांचे दगड तेवढे होते.
मी तेच बघत बसले.

देवपूरला सतरा खाटा. चार सिस्टर रांगेत.
चौथी धापा टाकत होती.
पाटीवर नाव : कविता.
मनगटावर तव्याची कड.

तिनं मला ओळखलं, मी तिला.
सोनजे पंख्याखाली जाऊन उभे राहिले.

अर्जात पाठ बघायला सांगत नाहीत. मी बघते.
खाट नऊ, गेंदाबाई, खुबा मोडून आठ महिने पडून.
पांघरूण काढलं, कुशीवर घेतलं :
कातडी सुरकुतलेली, पण कुठे फोड नाही, लाली नाही.
आठ महिने!
सिव्हिलमध्ये मला हे पाच सिस्टर असून जमलं नव्हतं.
दर दोन तासांनी कुणीतरी उठतं तेव्हा अशी पाठ राहते.
रात्री बारालाही. दोनलाही. चारलाही.

"कोण वळवतं तुम्हाला, आजी?"
गेंदाबाईनं रांगेकडे मान केली.
"तीज. रातले येस. एकलीज ऱ्हास."
मग माझ्या कागदाकडे बघून,
"ती जेवनी का, ते पूस ना बाई."

पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या ओट्यावर गेले.
नाव रायली पावरा, गाव धडगावकडचं,
नर्सिंगचं दुसरं वर्ष फीसाठी सुटलेलं.
कुठल्याच हजेरीपटावर ती नाही.
पटावर ज्या आहेत त्या कुठेच नाहीत.

"ताई," सोनजे हळूच म्हणाले,
"चार लिहा. एक लिहिलं तर कुलूप लागेल,
मग ही सतरा माणसं घरी न्यायला कोण येणार आहे?"
ते खोटं बोलत नव्हते. तोच त्रास.
आणि एक लिहिलं तरी ते खरं कुठे होतं?
दोन ठिकाणी मिळून एक.
अर्धीला छापील जागा नसते.

निघताना ती जिन्यात आली,
"सिस्टर, तिसऱ्या ठिकाणी जरा हळू या.
रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही."

जीपमध्ये मागे जागा होती.
बस म्हटलं.
सोनजेंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.
तिनं पाटी काढली, खिशातून दुसरी काढली,
ती लावता लावताच
माझ्या खांद्यावर तिची मान पडली.

पूल येईपर्यंत रकाना कोराच होता.
मी ड्रायव्हरला म्हटलं, वीस मिनिटं थांब.